पेटीच्या पोटातल्या अक्षता

समजा, तुमच्यासमोर एक मुका रेडिओ आहे. बॅटरी नवी, व्हॉल्व्ह शाबूत, एरियलची तार थेट कडुनिंबाच्या शेंड्यापर्यंत गेलेली. आवाज मात्र नाही. भोवती अर्धं गाव उकिडवं बसून तुमच्या हाताकडे बघतंय. पेचकस कुठे लावाल?

कामरगावात देवलाची गत हीच झाली होती.

देवला जवळच्या तांड्यातला. कारंज्याची जिनिंग, म्हणजे कापसातली सरकी काढायची गिरणी, बंद पडली आणि त्याच्यासारखी बरीच पोरं रिकामी झाली. त्याच सुमारास पुंजाजी मास्तर महायुद्धातून परतले. फौजेत त्यांनी बिनतारी यंत्रं दुरुस्त केली होती. तिथल्याच कापसाच्या ओस गोदामात त्यांनी या पोरांना रेडिओ शिकवायला घेतला, आणि सोबत दुकान चालवायलाही. "पेटीले हात लावायच्या आधी घरच्यायले इचारा," हा त्यांचा पहिला धडा.

दसरा झाला आणि कामरगावचे बडे शेतकरी दौलतराव यांचा निरोप आला : माझा रेडिओ बोलता करा, करणाऱ्या पोराला चौकातली खोली दुकानासाठी देतो. मास्तरांनी देवलाला धाडलं. जमलं नाही, तर तांड्यासोबत खडी फोडायला परमुलखात जायचं, हे घरी ठरलेलंच होतं.

"काहून रे, नुसता पाहून राह्यला? नजरेनं दुरुस्त करतं का?" दौलतरावांनी टोमणा मारला. हशा पिकला.

"मालक, बंद पडायच्या आधी काय केलं होतं याले?"

"काहीच नाही! कोणी हात नाही लावला."

"काहीच कसं?" दारातून त्यांच्या पत्नी विजयमालाबाई म्हणाल्या. "खंडेनवमीले नांगराची पूजा केली, पाभरीची केली, मंग याची नाही का केली? तुमीच तर मागचं झाकण काढलं. म्हणे, बोलणारा आत बसते, अक्षता त्याले पडल्या पायजे!"

आता हशा दौलतरावांवर.

देवलानं झाकण उघडलं. स्टेशन लावायच्या कंडेन्सरच्या पातळ पत्र्यांमध्ये कुंकवात भिजलेले तांदूळ अडकले होते. पत्रे वाकून एकमेकांना टेकले होते, म्हणून एकही स्टेशन लागत नव्हतं. कोंबडीच्या पिसानं त्यानं दाणे झाडले, जाड कागदाच्या कडेनं पत्रे सरळ केले. बटण फिरवताच खरखर झाली, आणि कुणीतरी कापसाचे भाव सांगू लागलं.

"देवाच्या अक्षता काढल्या का रे, बाप्पा?" बाई जरा नाराज झाल्या.

"माय, कुंकू पेटीच्या कपाळाले लावा. पोटात नका घालू!"

खोली मिळाली. दुकान मांडायच्या आतच आणखी दोन गावांहून बोलावणी आली. तिथंही खंडेनवमीपासूनच रेडिओ मुके. देवला खूश होऊन कारंज्याला निघाला, पण वाटेत त्याचे पाय मंदावले.

"मास्तर," त्यानं गोदामात शिरताच विचारलं, "पेटीत अक्षता टाकू नका, असं पुढच्या दसऱ्याच्या आधीच साऱ्यायले सांगून टाकलं, तर माह्या दुकानात कोण येईन? अन् नाही सांगितलं, तर रात्री झोप कशी येईन?"

मास्तरांनी पुढ्यातल्या तुटक्या तारेला कथलाचा डाग द्यायला घेतला.

दुकान आता बरं चाललंय. नवरात्र तोंडावर आलं की देवला अजूनही गिऱ्हाइकाच्या हातात रेडिओ देता देता थबकतो : सांगू, का गप राहू?