दोनच ऱ्हायलेत

प्रिय ईशान आणि मीरा,

तुमचे तिकडच्या प्रेअरीवरचे, गवताळ माळावरचे फोटो पाहिले. छातीएवढं गवत, पिवळी फुलं, लांब उभं एक हरीण... तुमचे मोजे गवताच्या बियांनी भरलेत, पण शेजारी उभ्या तुमच्या आईच्या पँटवर एकही बी नाही. मीरा, तू गमतीनं विचारलंस, गवत आईला घाबरतं का? म्हणून आज लिहिते. मी जन्मभर लातूरला इंग्रजी शिकवलं. असल्या गोष्टींवर माझा विश्वास नव्हता, आजही नाही.

चाकूरला आपल्या शेताला लागून माळ होता. पाऊस सरला की तिथलं कुसळी गवत वाळायचं, त्यात काळविटं चरायची. रेवती – तुमची आई – तेव्हा लहान होती. माळावर खेळून आली की तिची आत्या तिला उंबऱ्याबाहेरच अडवायची. “आल्या कुसळेबाई! अख्खा माळ घरात आणायलीस का?” मग मांडीवर घेऊन फ्रॉकमधलं एकेक कुसळ उपटायची. रेवती चुळबुळली की ठरलेलं वाक्य – “हलू नको, दोनच ऱ्हायलेत.” दोन कधीच नसायची.

त्र्याण्णवचा भूकंप झाला तेव्हा आत्या औशाकडे नातलगांच्या घरी मुक्कामाला होती. घर दगडमातीचं. कुणीच वाचलं नाही. रेवतीला आम्ही सांगितलं, आत्या गावाला गेली.

दिवाळीच्या सुमारास एका संध्याकाळी रेवती दिसेना. आत्याच्या ‘गावाला’ जायची वाट माळातूनच होती... आणि माळावर लांडगे होते. तुमचे आजोबा आणि मी हाका मारत गवतात शिरलो. माझी साडी कुसळांनी जड झाली, पोटऱ्या सोलून निघाल्या. पुढे काळविटांचा कळप उभा होता. आम्हाला पाहूनही पळाला नाही. सगळ्यांच्या माना एकाच जागेकडे वळलेल्या. तिथे, उंच गवताच्या मधोमध, रेवती मांडी घालून बसली होती.

मी तिला उचललं. फ्रॉकवर एकही कुसळ नव्हतं.

इथे काय करतेस, विचारलं. ती म्हणाली, “आत्या म्हणली, हलू नको, दोनच ऱ्हायलेत.”

आजोबा म्हणाले, ऐकलेलं वाक्य आहे, पोरगी बोलते. पटलं मला. पण फ्रॉकचं काय? रेवतीला यातलं काही आठवत नाही.

आता माळाचे प्लॉट झाले, कोचिंगवाल्या पोरांचं हॉस्टेल आलं. काळविटं बरीच वर्षं कुणी पाहिली नाहीत. परवा मी जाऊन आले आणि घरी पायरीवर बसून पदरातली कुसळं एकटीच काढली.

हॉस्टेलच्या कुंपणामागे गवताची एक पट्टी अजून आहे.