मोहिनीचा विषय नेटवर नव्हता

मोहिनी माझी हॉस्टेलची रूम पार्टनर, नाशिकच्या पेठ तालुक्यातली. जीव लावावा अशी पोरगी, पण स्वभावानं इतकी गरीब की माझं डोकंच फिरायचं. तिची आई भागीबाई दरवर्षी दिंडोरीला द्राक्षबागेत कामाला यायची. जादा मणी काढून घड विरळायचे म्हणजे दिवसभर हात वर, मांडवाला. संध्याकाळी त्या बाईला स्वतःची वेणी घालता येत नसे. एम.ए.च्या प्रोजेक्टला मोहिनीनं हाच विषय धरला, बागेतल्या बायकांचे दुखरे खांदे.

प्रोजेक्टचे सर म्हणाले, "नेटवर काय आहे यावर? प्रिंट आणा, मग मंजूर करतो." साल दोन हजार दोन, सरांना नेटचं नवं नवं वेड! विषय मंजूर नाही तर परीक्षा नाही. आणि वर्ष गेलं की तिला आईबरोबर बागेत धाडायला काका टपलेलाच.

रविवारी सायबर कॅफेत आम्ही दोघी एका खुर्चीवर बसलो. मोडक्या इंग्रजीत सुचेल ते टाइप केलं. इस्रायलचं ठिबक निघालं, फ्रान्सची दारू निघाली, बागेतली बाई काही निघेना. शेवटी दिंडोरीच्या एका द्राक्ष कंपनीचं पान रखडत उघडलं. त्यावरच्या फोटोत आधी वर केलेले हात दिसले, मग डोक्यावरचा पदर, मग तोंड.

"अगं बाई, ही तर आई!"

भागीबाई घड धरून हसत होती. खाली इंग्रजीत लिहिलेलं, आमचे आनंदी मजूर.

प्रिंट बघून सर खूश. "छान! विषय असा करा, द्राक्षबागेतील समाधानी स्त्री मजूर."

"सर, ही माझी आई आहे. फोटोवाल्यानं हसायला लावलं होतं, तिनंच सांगितलंय मला."

"आईचं सांगणं संदर्भ म्हणून चालत नाही."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. खोलीवर आल्या आल्या मी ओरडले, "अजिबात लिहायचं नाही!"

"मग काय करू? तूच सांग ना," मोहिनी म्हणाली. तिनं लिहिलं आणि पास झाली.

निकालानंतर भागीबाई हॉस्टेलवर आली. "काय लिवलं गं माज्यावर?"

मोहिनीनं मान खाली घातली. "तू खुशीत हायेस, असं."

आता ही बाई तडकणार, असं मला वाटलं. तडकावीच, असंही वाटत होतं.

"ब्येस केलंस," भागीबाई म्हणाली. "मालकाला वाचून दाव. पुढल्या साली बोलवील तरी."