पाळण्याची कुरकुर

गावच्या म्युझियमच्या किल्ल्या ज्यांच्या कमरेला असत, त्यांना सगळे किल्लीकाकू म्हणायचे. त्या कुठेही निघाल्या तरी आधी जुडग्याचा आवाज यायचा आणि मागून काकू यायच्या. त्यामुळे त्यांच्या माघारी त्यांच्याबद्दल बोलणं कुणाला कधी नीट जमलंच नाही. ऐन रंगात आलेली गोष्ट खुळखुळ ऐकू आली की गिळावी लागायची.

म्युझियम म्हणजे जुन्या टपाल कचेरीच्या चार खोल्या. एकीत कुलपं आणि वजनमापं, एकीत न्हाव्याची खुर्ची आणि शिंप्याचं मशीन, एकीत शाळेची घंटा, बाकं, फळा. चौथी खोली घराची. लोकांनी माळ्यावरून काढून दिलेलं जे जे काही होतं, ते सगळं तिथे. पावसाच्या महिन्यांत म्युझियम बंद असायचं आणि तेव्हा तिथे काकूंचंच राज्य. खिडक्या उघडायच्या, भिंतींना हवा द्यायची, वस्तू पुसायच्या. पुसता पुसता त्यांच्याशी गप्पाही चालायच्या. "काय गं, सांधे धरले का?" असं त्या शिंप्याच्या मशीनला विचारायच्या. न्हाव्याच्या खुर्चीला मात्र फारसं बोलायच्या नाहीत. ती जरा आगाऊ आहे असं त्यांचं मत होतं.

यंदा बंद व्हायच्या आधी चौथ्या खोलीतल्या पाळण्याचा एक पाय डुगडुगायला लागला. दोन खांबांमध्ये लाकडी खुंट्यांवर झुलणारा तो पाळणा म्हणजे म्युझियमचा मान. गावातल्या मास्तरीणबाईंनी दिलेला. म्युझियमच्या साहेबांनी तो सुताराकडे धाडला आणि बजावलं, "पाय तेवढा बसवा. बाकी कशाला हात लावायचा नाही. जुनं आहे तसंच राहायला हवं."

सुतार म्हणजे काकूंचे धाकटे दीर. त्यांनी पाय बसवला, पण पाळणा हलवला की खुंटीतून कर्र कुई असा आवाज यायचा आणि ती कुरकुर काढायला साहेबांची मनाई. भावजींच्या जिवाला घोर लागला. "वहिनी, माझ्या हाताखालून गेलेली वस्तू कुरकुरतेय. लोक मला काय म्हणतील?" दुकानात जागा नव्हती आणि म्युझियमला कुलूप. तेव्हा त्यांनी पाळणा आणून सरळ वहिनींच्या पुढच्या खोलीत ठेवला. "किल्ली तुमच्याकडे. सवडीने नेऊन ठेवा."

सवड कसली मिळतेय. त्याच आठवड्यात काकूंची लेक तान्ह्या मुलीला घेऊन माहेरी आली. मुलगी गोरीगोमटी, नाकीडोळी नीटस, आणि गळा असा की शेजारच्यांनी दारं लावून घ्यावीत. मांडीवर नको, खांद्यावर नको, गादीवर तर नकोच. एका दुपारी लेक रडकुंडीला आली, काकूंच्या हाताला कळ लागली, आणि समोर पाळणा होता. "दोनच मिनिटं हं," असं काकू पाळण्याला म्हणाल्या आणि बाळाला आत ठेवलं. कर्र कुई, कर्र कुई. पोरगी जी झोपली ती दिवेलागणीपर्यंत. घरात इतकं शांत झालं की लेकीने दोनदा तिच्या नाकापुढे बोट धरून पाहिलं.

एकदा गोडी लागल्यावर काय विचारता. दोन मिनिटांचे बंदचे सगळे महिने झाले. काकूंना आतून खात होतं, नाही असं नाही. म्हणून त्यांनी भावजींकडून बाळासाठी तसाच दुसरा पाळणा करून घेतला. भावजींनी जीव ओतला. तेच कोरीव काम, तोच रंग. फक्त खुंट्यांच्या जागी लोखंडी पिना बसवून वंगण भरलं. "हलवून बघा. मांजराची चाहूल लागेल, पण याची नाही," ते छाती फुगवून म्हणाले.

बाळाला त्यात ठेवलं. तिने एकदा इकडे पाहिलं, एकदा तिकडे, आणि सूर लावला.

"काका, याला थोडी कुरकुर लावता येईल का?" लेकीने विचारलं.

"काय लावता येईल?"

"ती कर्र कुई. तिला त्याच आवाजावर झोप येते."

भावजींनी रंधा खाली ठेवला. "मुली, आयुष्य गेलं माझं लाकडाची कुरकुर घालवण्यात. आता म्हातारपणी ती लावून देऊ? उद्या म्हणशील डुगडुगणारं टेबल करून द्या." आणि रागावून गेले ते आठ दिवस आलेच नाहीत.

तेवढ्यात साहेबांचा फोन आला. उघडायची तयारी सुरू करू या, पाळणा यंदा खोलीच्या मधोमध ठेवायचाय, उद्याच घेऊन या. लेक बाळाकडे पाहत हळूच म्हणाली, "आई, नवा नेऊन ठेव ना. तिथे कोण झोपून बघणार आहे?"

काकूंनी आयुष्यात कधी देवळातलं फूलसुद्धा न विचारता उचललं नव्हतं. पण नातीचं रडणं वाईट. त्याच्यापुढे भल्याभल्यांचे नेम ढिले पडतात. हातगाडीवरून नवा पाळणा म्युझियमात गेला.

साहेब खूश. धुळीने त्यांना शिंका यायच्या, म्हणजे धंदा चुकलाच होता त्यांचा, पण वस्तूंवर जीव फार. त्यांनी पाळण्याभोवती फेरी मारली. "काकू, तुम्ही होतात म्हणून हा असा राहिला. काय जपलाय." मग पाळण्याला टेकवून त्यांनी सुरेख अक्षरातली पाटी ठेवली: या पाळण्यात चार पिढ्या वाढल्या. शेजारी दुसरी: हात लावू नये.

ते कौतुक काकूंच्या घशाखाली उतरेना. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तशी गत. पाटी पुसायला गेल्या की फडकं अडखळायचं. शिंप्याच्या मशीनशी बोलायला तोंड उघडेना. संध्याकाळी घरी देवापुढे दिवा लावून हात जोडले की डोळे मिटायच्या आत मागून कर्र कुई ऐकू यायचं. तीन दिवस त्यांनी कसेबसे काढले. चौथ्या दिवशी, म्युझियम उघडणं उद्यावर आलेलं असताना, त्या साहेबांच्या टेबलापुढे उभ्या राहिल्या.

"साहेब, आत आहे तो पाळणा काल परवा केलेला आहे. खरा माझ्या घरी आहे. नात झोपते त्यात."

साहेबांना शिंक येता येता राहिली. "म्हणजे मी दोन दिवस तुमच्या दिरांच्या पाळण्याचे फोटो काढतोय?"

"हो."

"आणि उद्या मास्तरीणबाई येणार आहेत. त्यात झोपलेलं शेवटचं मूल त्या. काकू, त्यांनी मला शाळेत अक्षरासाठी उभं केलंय, आता या वयात परत उभं करतील." ते चिडण्यापेक्षा दुखावले होते, आणि ते जास्त वाईट. "तुम्ही विचारलं असतंत तर मी नाही म्हणालो असतो हे खरं. पण विचारायचं होतंत. खरा पाळणा आज इथे यायला हवा. आणि किल्ल्या तेवढ्या ठेवून जा."

काकूंनी जुडगा काढून टेबलावर ठेवला. घरी जाताना त्या हळूहळूच चालल्या, पण खुळखुळ नव्हती म्हणून गल्लीत कुणाला कळलं नाही त्या आल्याचं. दोघी शेजारणी त्यांच्याविषयीच बोलत होत्या. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी ते पुरतं ऐकलं. वाईट काही नव्हतं, पण ऐकवेना.

रात्र कशी गेली ते सांगण्यात अर्थ नाही. नवा पाळणा घरी आला होता, बाळाने तो पुन्हा नापास केला होता.

सकाळी काकू म्युझियमात गेल्या, पण पाहुण्यांसारख्या, मागच्या रांगेत. मास्तरीणबाई काठी टेकत आल्या, फीत कापली, आणि कुणाचं भाषण सुरू व्हायच्या आत थेट चौथ्या खोलीत शिरल्या. पाळण्याला हात लावला. कर्र कुई. म्हातारीचा चेहरा उजळला. "अजून कुरकुरतोय मेला. माझी आई म्हणायची, हा झोपवत नाही, तक्रार करून करून दमवतो."

तेवढ्यात दारात आरडाओरडा. लेक बाळाला घेऊन आली होती, केस विस्कटलेले, डोळे तारवटलेले. "आई, मला एकटीला नाही जमत गं," म्हणत ती आत आली, आणि बाळाच्या कानावर तो आवाज पडला. रडणं मधेच थांबलं.

मास्तरीणबाईंनी सगळं पाहिलं. शिकवून शिकवून त्यांना पोरांच्या तोंडावरचं वाचता येत होतं. "ठेव तिला यात."

साहेब पुढे आले. "बाई, नियम आहे, वस्तूंना हात..."

"पाळणा दिला तो मी. यात बाळ निजवायचं नाही असं तेव्हा बोलले होते का मी? सरक बाजूला."

साहेब सरकले. शाळेत सरकायचे तसेच.

बाळ झोपलं. लेकीने दुपटं ठेवायला जागा शोधली आणि जवळच्या पाटीवर टाकलं. 'हात लावू नये' झाकलं गेलं. मग दिवसभर लोक आले ते पाय न वाजवता आले, आणि चौथ्या खोलीत जितका वेळ थांबले तितका कुठल्याच खोलीत कधी थांबले नव्हते. चार पिढ्यांच्या पाटीला कुणी विचारलं नाही. सगळे पाचवीकडेच बघत होते.

भावजीही आले. गर्दी पांगल्यावर ते गुडघ्यावर बसले आणि खुंटीला कान लावून बराच वेळ ऐकत राहिले. "कोरडं लाकूड कोरड्या लाकडावर," ते पुटपुटले. "बरं. उद्या नव्याच्या पिना काढतो आणि खुंट्या बसवून देतो. पण वहिनी, पाळणा कुणी केला म्हणून कुणी विचारलं, तर माझं नाव घ्यायचं नाही."

"नाही घेत."

बंद करायची वेळ झाली तरी पोरगी गाढ. साहेबांनी दाराशी दोन येरझारा घातल्या, घड्याळ पाहिलं, एक शिंक तोंडावर रुमाल दाबून आतल्या आत जिरवली. मग खिशातून जुडगा काढून काकूंच्या हातात दिला.

"माझी घरी वाट बघतायत," ते कुजबुजले. "ती उठली की कुलूप लावून घ्या. आणि उद्या वेळेवर उघडा, मशीन पुसायचं राहिलंय."

काकूंनी किल्ल्या कमरेला लावल्या, त्या वाजू नयेत म्हणून पदरात गच्च धरल्या, आणि दुसऱ्या हाताने पाळण्याला हलकासा झोका दिला.