बयामावशीचे खांदेकरी

साठी उलटल्यावर तुंगार्लीच्या बयामावशीनं एकच काम मनावर घेतलं होतं: शेवटी आपल्याला कोण उचलणार, याची सोय लावून ठेवणं. पोटी मूलबाळ नाही, नवरा कधीच गेलेला, आणि बाप्तिस्मा घेतला त्या दिवसापासून मळवलीच्या भाऊबंदांनी तिचं नाव टाकलेलं. लोणावळ्यातली आमची मराठी ख्रिस्ती मंडळीही तेव्हा, म्हणजे १९३४च्या सुमाराला, मूठभरच. त्यातून तिनं चौघांना हेरलं: पाळकसाहेब, बंगल्यावरचा माळी भिमाजी, रेल्वेतला सांधेवाला हौशीराम आणि शाळेत शिकवणारा मी.

"मास्तर, हौशीराम बुटका हाय. त्याच्या जोडीला तुमी नगं," एका रविवारी तिनं मला बजावलं. "न्हाईतर मी एका अंगाला घसरंन."

"मावशी, तुम्ही चांगल्या ठणठणीत आहात की!"

"आज हाय. उद्याचं तुमी सांगता का?"

तेव्हापासून आमची चैन सुरू झाली. उपासना आटोपली की तिच्याकडे तांदळाची भाकरी आणि खेकड्याचं झणझणीत कालवण. भिमाजी शिंकला की लगेच काढा. हौशीरामची विडी तर तिनं सरळ चुलीत घातली. "छातीत धूर भरल्यावर मला न्येनार कसा?" माझं वजन वाढलं, तशी ती माझ्यावर फारच खूश झाली.

पाळकसाहेबांनी एकदा समजावून पाहिलं. "मावशी, पुनरुत्थानावर विश्वास आहे ना? मग एवढा घोर कशाला?"

"इस्वास हाय की, सायेब. पर उठायचं मातीतनं. त्या मातीपत्तुर कोन न्येनार, त्ये सांगा."

पाळकसाहेबांनी आणखी एक भाकरी घेतली.

आम्ही हसायचो खरे, पण तिची भीती खरी होती. भिमाजी एकदा आठवडाभर गावी गेला, तर तेवढे दिवस ती धड जेवली नाही. दार लावून मरून पडले आणि कुणाला कळलंच नाही तर, हे तिनं एकदा मला बोलून दाखवलं.

आषाढातल्या एका रविवारी आम्ही ताटावर बसलो होतो. भिमाजीचा पत्ता नव्हता. तेवढ्यात त्याची बायको नंदाबाई कडेवर तान्हं पोर घेऊन, भिजत, रडत आली. बंगल्याची गळकी कौलं बदलताना भिमाजी वरून पडला होता. पाय मोडला होता.

त्या चिखलात वर बंगल्यापर्यंत तांगा येणं शक्य नव्हतं. दवाखान्यात न्यायला आम्ही त्याला बाजेवर घातलं. चार कोपरे आणि आम्ही तिघं. आजूबाजूला हाका मारल्या, पण सगळं गाव खाली खाचरांत आवणीला गेलेलं. भाताची रोपं सोडून माणूस कुठला सापडायला!

मावशीनं पदर खोचला, एका फडक्याची चुंबळ केली, डोक्यावर ठेवली आणि हौशीरामशेजारचा कोपरा उचलून डोक्यावर घेतला.

"मावशी, अहो, काय करताय!"

"गप चला. आख्खा जलम ह्या डोक्यानं लाकडाच्या मोळ्या वाह्यल्यात."

हौशीरामच्या खांद्याशी तिचं डोकं बरोबर जुळलं. पाऊस कोसळत होता, पाय घसरत होते. बाजेवरून भिमाजी कण्हला, "मावशे, उतरव गं मला. लाज वाटतीया."

"लाजंचं मागनं बघू. मेल्या, माझ्यासाटी तुला खाऊ घातलं, त्ये समदं माझ्याच डोक्यावर आलं!"

भिमाजीला हसू आलं, आणि हसल्यामुळे पाय दुखून तो ओरडला.

डॉक्टरांनी हाड बसवलं. पाय बरा होईल म्हणाले. मावशी दवाखान्याच्या ओट्यावर बसली होती. मी जवळ गेलो. थकली असेल असं मला वाटलं.

"मास्तर," ती म्हणाली, "माझा नवरा मानमोडीच्या साथीत ग्येला. भाऊबंद भ्यालं, दाराशी बी आलं न्हाईत. मी मढ्यापाशी एकली. मग दोन मानसं आली, मिशनची. वळख न्हाई, पाळख न्हाई. त्येंनी त्याला उचललं, मूठमाती दिली. त्येंच्यामागनंच मी देवळात आले." तिनं ओला पदर पिळला. "त्येंना मी कुटं भाकरी घातली व्हती?"

मावशी एकाएकी खुदकन हसली, आणि तिचे डोळे भरून आले.

"ज्यानं त्येंना धाडलं, त्यो काय म्हातारा झालाय व्हय? म्हातारी मी झाले, त्यो न्हाई."

पुढच्या रविवारी तिच्याकडे जेवायला गेलो, तर माझ्या जागेवर बाजारातली लंगडी कस्तुराबाई बसलेली. खांदा द्यायच्या कामी तिचा काडीचा उपयोग नव्हता. मावशीनं तव्यावरची पहिली भाकरी तिच्या ताटात टाकली आणि मला म्हणाली, "मास्तर, जरा सरकून बसा."