इंदूबाईची सावड

साजगावजवळच्या आमच्या वस्तीत भाताच्या लावणीला इंदूबाईची पात, म्हणजे तिच्या वाट्याची ओळ, सगळ्यांत आधी बांधाला लागायची. मग ती कंबरेवर हात ठेवून मागं राहिलेल्यांना टोमणे मारायची. शेजारची गौराबाई वयानं मोठी, दरवर्षी हरायची आणि दरवर्षी चिडायची.

१९८३च्या उन्हाळ्यात इंदूबाईच्या मानेत आणि काखेत गाठी आल्या. तिचा नवरा नामा कारखान्यात भट्टीवर होता. तिथल्या युनियनचं काम मी बघायचो, म्हणून मुंबईच्या इस्पितळात सोबत गेलो. कॅन्सर निघाला. रक्ताचा रिपोर्ट हातात घेऊन डॉक्टर आपसात इंग्रजीत बोलायला लागले. मी म्हटलं, रक्त तिचं आहे, तिला कळेल असं बोला. तेव्हा थोरला डॉक्टर खुर्ची ओढून बसला.

त्यानं सांगितलं, शरीरातल्या पेशी साखर जाळतात, त्या कामाला एलडीएच नावाचं एन्झाइम लागतं. गाठी जोरात वाढत असल्या की ते रक्तात वाढतं. इंदूबाईचं फारच वाढलं होतं. औषध देऊच, पण असा रिपोर्ट असलेले पुष्कळ रोगी वर्ष काढत नाहीत, काही काढतात.

"म्हंजे धुरावरनं भट्टी कळते, तसं," नामा म्हणाला. डॉक्टर हो म्हणाला.

इंदूबाईनं एवढंच विचारलं, पुढच्या वर्षीच्या लावणीला मी असेन का? त्याची खात्री डॉक्टर देईना.

आमच्याकडे लावणी सावडीवर होते. आज सगळ्या बाया तुझ्या शेतात, उद्या तू त्यांच्या. इंजेक्शनांनी पार गळालेल्या इंदूबाईला त्या आषाढात चिखलात उतरणं शक्य नव्हतं आणि पुढच्या वर्षाचा भरवसा नव्हता. तिनं बायांना निरोप धाडला, माझ्या शेतात कुणी यायचं नाय, ओसाड राहिलं तर राहू दे. फेडता येणार नाही ते घ्यायचं नाही. मी जाऊन भांडलो. म्हटलं, तो हिशोब शंभर रोग्यांचा आहे, तुझ्या एकटीचा नाही. ती म्हणाली, भाषण कारखान्याच्या गेटवर करा.

शेवटी गौराबाई आली आणि उंबऱ्यात बसली.

"सावड घराशी असते गं, तुज्या एकटीशी नाय. तू नसलीस तर नामा येईल लुगडं नेसून."

इंदूबाई हसली. दुसऱ्या दिवशी बाया तिच्या शेतात उतरल्या.

माघात ती गेली. रिपोर्टचा अंदाज खरा ठरला.

पुढच्या आषाढात नामानं बिनपगारी रजा टाकली आणि सावड फेडायला बायांच्या रांगेत उभा राहिला. आजवर त्यानं नांगर धरलेला, लावणी कधी केलेली नव्हती. बांधावरचे बापये खिदळले. गौराबाईनंही विचारून घेतलं, "लुगडं इसरलास काय रं?" तो वाकून रोपं लावायला लागला. त्याची पात वाकडी गेली आणि सगळ्यांच्या मागं राहिली. बाकीच्या बाया बांधावर टेकल्या, तेव्हा गौराबाई पुन्हा चिखलात उतरली आणि त्याच्या पातीतली रोपांची मूठ उचलायला वाकली.

"हात लावू नको," नामा म्हणाला. "ही पात तिची हाय."

गौराबाई तिथंच उभी राहिली, तो बांधाला लागेपर्यंत.