“गाठ कधीपासून?” विचारणाऱ्या विमलबाई

विमलबाई वाघमारे यांची आणि माझी पहिली भेट गोड झाली नाही. तीन वर्षांपूर्वी मी इचोड्याला त्यांच्या घरी गेले. त्यांनी पाणी दिलं, चष्मा लावला आणि विचारलं, “खरं सांग पोरी, गाठ कधीपासून होती?”

“दोन महिने,” मी म्हणाले.

थोड्या वेळानं पुन्हा तोच प्रश्न. तिसऱ्यांदा विचारल्यावर मला राग आला.

“मी खोटं बोलते असं वाटतं का तुम्हाला?”

“मले सगळेच खोटे वाटतात वं. तू एकटीच काऊन रागावून राह्यली?”

भीमपूरच्या एका खाजगी शाळेत मी शिकवते. डाव्या स्तनात कर्करोग निघाला होता. शस्त्रक्रिया शुक्रवारी, नागपूरला ठरली होती. आणि सोमवारी विमा कंपनीनं खर्चाची परवानगी नाकारली. आजार पॉलिसीच्या आधीचा आहे, अर्जात लपवला, असं त्यांचं म्हणणं. दुसरी सोय आमच्याकडे नव्हती. ही तारीख गेली तर पुढची कधी, हे कोणी सांगत नव्हतं. शाळेतल्या एका बाईंनी कागदपत्रांत मुरलेल्या विमलबाईंचं नाव सुचवलं. पण आम्हाला पॉलिसी विकणारा एजंट त्यांचाच भाचा निघाला. माझ्या तोंडून काहीतरी कबूल करून घ्यायचं आणि भाच्याला वाचवायचं, असा यांचा डाव असेल, हे माझ्या मनातून जात नव्हतं.

आज त्यांच्या अमृतमहोत्सवी ग्रंथात हे लिहिताना लाज वाटते. पण बाईंना खोटी स्तुती चालणार नाही.

मंडल कार्यालयात, म्हणजे आमच्याकडच्या तहसिलीत, त्यांनी सगळी नोकरी कारकून म्हणून काढली. दरखास्त मोठ्यानं वाचून दाखवल्याशिवाय त्या कोणाचा अंगठा घेत नसत. गुडीहत्नूरच्या एका आजोबांना त्यांनी खिडकीवरून परत बोलावलं होतं, कारण अर्जात वारसाच्या जागी शेजाऱ्याचं नाव घातलेलं होतं. लोक त्यांना ‘शक्की बाई’ म्हणत. त्यावर त्या म्हणत, “कागदावर इश्वास ठेवला का माणूस बुडते.”

माझ्या फायलीतला इस्पितळाचा केसपेपर त्यांनी भिंगाखाली धरला. तो कागद मी, एक शिक्षिका, न वाचताच फायलीत लावला होता. त्यावर इंग्रजीत लिहिलं होतं : डाव्या स्तनात गाठ, आठ वर्षांपासून.

मी ती ओळ पुन्हा वाचली. बाईंनी विचारलं, “डॉक्टरपाशी कोण बोललं?”

आमच्या घरी पुरुष डॉक्टरसमोर असल्या दुखण्याचं सुनेनं बोलायचं नाही, थोरल्या बाईनं बोलायचं, अशी रीत. मी पडद्याआड तपासणीच्या टेबलावर होते. बाहेर खुर्चीवर सासूबाई होत्या.

बाई तशाच माझ्यासोबत भीमपूरला निघाल्या. वाटेत त्यांनी सांगितलं की शाळेतल्या बाईंचा निरोप मिळताच, माझ्याआधी भाच्यालाही त्यांनी असंच उभं करून विचारलं होतं, अर्ज कसा भरला ते. त्यांच्या डावाबद्दलचा माझा संशय तिथंच गळाला.

“गंगूबाई, डॉक्टरले काय सांगतलं?” त्यांनी सासूबाईंना विचारलं.

“त्यानं इचारलं, गाठ आलती का आंधी? मी म्हटलं, आलती, पोरगं झालं तवा, आठ वरसं झाले. दूध साचून. खोटं बोलू काय?”

“बरी झालती हे काऊन नाही सांगतलं?”

“त्यानं इचारलंच नाही!”

बाईंना हसू आलं, मला रडू. मग त्या पुन्हा संशयावर आल्या. “तोंडी नोको. कागद हाय का?” सासूबाईंनी पेटी उघडली. नातवाच्या लसीच्या कार्डाखाली बाळंतपणाच्या दवाखान्याची चिठ्ठी घडी करून ठेवलेली होती : दूध साचून गाठ, उपचारानं बरी.

बुधवारी आम्ही तिघी नागपूरला गेलो. फोनवर होईल, असं इस्पितळानं सांगूनही बाईंनी ऐकलं नाही. डॉक्टरांसमोर सासूबाईंनी सवयीनं तोंड उघडलं, तर विमलबाईंनी त्यांच्या हातावर हात ठेवला. “गंगूबाई, आता सुनेले बोलू द्या.”

मी बोलले. माझ्या शरीराबद्दल, माझ्या शब्दांत, पहिल्यांदाच. डॉक्टरांनी जुनी चिठ्ठी पाहिली. ती गाठ वेगळी, ही नवी, दोन महिन्यांची, असं लिहून शिक्का मारला. बाईंनी तो कागद दोनदा वाचून घेतला आणि नक्कल स्वतःच्या पिशवीत ठेवली. गुरुवारी संध्याकाळी परवानगी आली. तीही त्यांना खरी वाटेना. माझं नाव, वय, डावी बाजू, सगळं पडताळल्यावरच त्या जेवल्या.

शस्त्रक्रिया झाली. घरी आल्यावर बाई चार सैल ब्लाउज घेऊन आल्या, पुढून बटणांचे, कारण माझा हात वर जात नव्हता. एकेक बटण त्यांनी उघडून-लावून पाहिलं. माझ्या सपाट झालेल्या बाजूकडे बघून त्यांनी डोळे वळवले नाहीत, की कीवही केली नाही. “तपासणीची तारीख चुकवू नको,” एवढंच म्हणाल्या. त्या तारखा मी आजवर चुकवलेल्या नाहीत.

विमलबाई, तुम्ही पंच्याहत्तरीच्या झालात. तुमची नजर अशीच तीक्ष्ण राहो आणि तुमच्या तब्येतीला कुणाची दृष्ट न लागो. तुमच्या शंभरीला मला पहिल्या रांगेत बसायचं आहे. तेवढं जगायचं मी ठरवलं आहे. तुम्हीही ठरवा.