शाळेच्या माडीच्या खिडक्या

लग्न होऊन मी हुमनाबादकडच्या त्या गावात आले तेव्हा आमच्या परसाच्या भिंतीला लागूनच शाळा होती. शाळा म्हणजे कुण्या जुन्या जागीरदाराचा दगडी तबेला. पुढे तीन कमानी, आत एक लांबलचक दालन आणि भिंतीत घोडे बांधायच्या लोखंडी कड्या. सुट्टीच्या दिवशी त्या कड्यांना लोक आपल्या म्हशी बांधत. पोरगं कुठं आहे असं विचारलं तर आई सहज सांगायची, "तबेल्यात गेलंय." त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे.

माझं माहेर उदगीरचं. सासर लिंगायत, अडतीचं दुकान. घरात मराठी आणि कानडी दोन्ही चालायच्या. सासूबाई रागावल्या की कानडीत बोलत आणि राग उतरला की मराठीत. त्यामुळे त्यांनी मराठीत हाक मारली की मी निवांत व्हायची. मी त्यांना आत्याबाई म्हणायची, गाव त्यांना अक्का म्हणायचं. अंगाने किरकोळ, पण वेशीपासून ओढ्यापर्यंत त्यांचा आवाज पोचायचा.

निजामाचं राज्य जाऊन दोनचार वर्षं झाली होती. शाळेतली उर्दूची सक्ती गेली आणि मराठी आणि कानडी असे दोन वर्ग सुरू झाले. पण दालन एकच. एका टोकाला हेडमास्तर मराठी शिकवत, दुसऱ्या टोकाला कानडीचे पंतोजी बसत. इकडे बेचा पाढा सुरू झाला की तिकडे 'एरडोंदला एरडू'. एकाचा आवाज चढला की दुसऱ्याचा चढे. मधल्या रांगेतली पोरं बिचारी दोन्हीकडचं ऐकून 'बे दुणे नाल्कू' म्हणत. उत्तर बरोबर असल्यामुळे मारावं की सोडावं हे दोघांही गुरुजींना कळत नसे.

हेडमास्तर लातूरकडचे, वयाने तरुण, बोलायला फार गोड. त्यांनी वर लिहून लिहून शाळेवर माडी बांधायची मंजुरी आणली. खाली कानडी, वर मराठी. बातमी गावात आली तेव्हा पहिल्या दिवशी सगळे खूश झाले. दुसऱ्या दिवशी जो तो आपापलं काय जाणार ते बघू लागला.

शाळेच्या पुढच्या कट्ट्यावर दुपारी म्हाताऱ्यांचा पत्त्यांचा डाव बसायचा. त्यांच्यात एक माजी पोलीसपाटील होते. पाटीलकी हातची गेली तरी मिशा तशाच ठेवलेल्या. माडीला जिना लागणार आणि जिना कट्ट्यावरनंच निघणार, म्हणून डाव उठणार. शाळेची दक्षिणेकडची भिंत दिवसभर तापायची. आमच्या गल्लीतल्या सगळ्या बायका तिच्यावर गोवऱ्या थापायच्या. कुणाची जागा कुठली हे ठरलेलं असे. सासू गेल्यावर ती सुनेकडे यायची. त्या भिंतीला आता चुना मारणार, असं कळलं.

आणि आमचं दुखणं वेगळंच होतं. माडीच्या खिडक्या आमच्या परसावर उघडणार होत्या. तिथं आमची न्हाणी होती, चूल होती, वाळवणं होती. गावात मी नवी सून. दिवसभर डोक्यावरचा पदर ढळू द्यायचा नाही. दुकानातला गुमास्ता आत यायचा, मामंजी यायचे, गिऱ्हाईक पाणी मागायचं. एक परस तेवढं असं होतं की तिथं मी पदर खांद्यावर टाकून, केस सोडून, उन्हात बसू शकायची. आता तिथं वरनं शाळाभर डोळे बघणार. पण सुनेला कोण विचारतं? मी गप्प राहिले.

आत्याबाई गप्प राहणाऱ्यातल्या नव्हत्या. बीदरहून ओव्हरसियर आला. डोक्यावर टोपी, हातात फीत. त्याने शाळेभोवती चुन्याच्या रेघा ओढल्या. त्यातली एक आमच्या परसदारासमोरून गेली. संध्याकाळी तो मुक्कामाला गेला आणि सकाळी येऊन बघतो तर दाराच्या टप्प्यातली रेघ नाही. तिथं शेणाने गुळगुळीत सारवलेलं आणि वर रांगोळी. त्याने पुन्हा रेघ ओढली. दुसऱ्या दिवशी पुन्हा सारवण, आणि या खेपेला रांगोळीत हळदकुंकूही. ओव्हरसियर दारात येऊन जरा चढ्या आवाजात विचारू लागला, तर आत्याबाई शांतपणे म्हणाल्या, "दारापुढं सारवू नगं म्हणतूस का? लक्ष्मी यायची वाट हाय ती." टोपी काढून त्याने घाम पुसला आणि हेडमास्तरांना गाठलं.

मग हेडमास्तरांनी शाळेतच बैठक बोलावली. पुरुष पुढे बसले आणि आम्ही बायका कमानीआड. मला वाटलं, आता कट्टा, गोवऱ्या, खिडक्या निघतील. पण चारचौघांत पत्त्यांचं नाव कसं काढणार? माजी पाटील मिशीवर हात फिरवत उठले आणि म्हणाले की ही इमारत साधीसुधी नाही, इथं जागीरदाराची कचेरी भरायची. दुसऱ्याने सांगितलं, कचेरी कसली, दरबार भरायचा. तिसऱ्याच्या आज्याने तर तिथं बादशाहाला वाकून मुजरा केलेला होता. कुठल्या बादशाहाला, ते त्याला आठवेना. अशा ऐतिहासिक वास्तूवर माडी चढवणं म्हणजे पूर्वजांच्या डोक्यावर बसणं, असं सगळ्यांचं म्हणणं पडलं. काल जो तबेला होता तो दिवे लागायच्या आत राजवाडा झाला. हेडमास्तरांनी नम्रपणे विचारलं की मग भिंतीत या कड्या कशाच्या? पाटील म्हणाले, "दरबारात काय माणसं चालत येत व्हती व्हय?"

हेडमास्तर हुशार. त्यांनी इतिहासाशी वाद घातला नाही. कमानीला हात लावणार नाही म्हणाले. जिना मागच्या अंगाने घेऊ, म्हणजे कट्ट्यावर ज्येष्ठ मंडळींना पूर्वीसारखा 'विचारविनिमय' करता येईल. हे ऐकल्याबरोबर दरबाराचा जोर ओसरला. बायकांकडे न बघता त्यांनी असंही सांगितलं की दक्षिणेकडच्या भिंतीला तूर्त चुना लागणार नाही. कमानीआड बांगड्या वाजल्या. उरलो आम्ही.

आत्याबाई कमानीच्या आत आल्या. पुरुषांच्या बैठकीत बाई उभी राहिली म्हणून मामंजी खाली मान घालून चटईची काडी उपसायला लागले. आत्याबाई सरळ म्हणाल्या, "मास्तर, माडी बांधा. पण खिडक्या आमच्या परसाकडं नगंत. माझी सून न्हायला बसती तितं."

सगळं गाव माझ्याकडं वळलं. मी कमानीच्या दगडात शिरायला जागा शोधत होते.

हेडमास्तर गोरेमोरे झाले. म्हणाले, त्या बाजूशिवाय उजेड नाही. बरीच घासाघीस होऊन शेवटी ठरलं की खिडक्या तिकडेच, पण माणसाच्या डोक्याच्या वर, छताला लागून, छोट्या. उजेड आत येईल, नजर बाहेर जाणार नाही. आत्याबाईंनी मान हलवली.

बांधकाम सुरू व्हायचं तर पोरं कुठं बसवायची, हा प्रश्न निघाला. पाटलांच्या घरी सोयर होतं. कुणाच्या ओसरीत ज्वारीची पोती होती. ज्यांच्या आज्याने मुजरा केला होता त्यांचं घर ऐन वेळी फार लहान निघालं. शेवटी सगळ्यांच्या नजरा आमच्या पडवीवर आल्या. मामंजींनी बायकोकडं पाहिलं. आत्याबाई कानडीत काहीतरी पुटपुटल्या, मग मराठीत म्हणाल्या, "आणा. पण चपला भाईर."

मराठी वर्ग पडवीत बसला आणि कानडी वर्ग दुकानामागच्या गुळाच्या खोलीत. दोन दिवसांत कानडी वर्गाची हजेरी एकदम वाढली. चिंताकी गावाकडून पाहुणा आलेलं एक पोरगं तर आठवडाभर वर्गात बसलं, पंतोजींना ते कुणाचं हेही ठाऊक नव्हतं. गुळाच्या ढेपी खालून कोरल्या जाऊ लागल्या. वरून पाहिलं तर अखंड, उचललं तर नुसतं टरफल. मामंजींनी डोक्याला हात लावला. आत्याबाईंनी उपाय काढला. सकाळी वर्ग भरायच्या आधी त्या स्वतःच प्रत्येकाच्या हातावर गुळाचा खडा ठेवू लागल्या. चोरायची मजा गेल्यावर ढेपी वाचल्या.

हळूहळू त्यांचा मुक्काम स्वयंपाकघरातून पडवीच्या दारात आला. तांदूळ निवडायचं ताट घेऊन बसायच्या. लिहावाचायला येत नव्हतं, पण ऐकून ऐकून महिनाभरात पाढे म्हणू लागल्या. एखादं पोरगं अडखळलं की दारातून पुढचा आकडा यायचा. हेडमास्तरांनी छडी उचलली की त्या ताट खाली ठेवायच्या. ताटाचा आवाज झाला की छडी खाली जायची. पुढे पुढे तर हेडमास्तर छडी आणायचेच विसरले. कधी कधी मलाही बोलवायच्या. मी चौथीपर्यंत शिकलेली. "हे पोरगं काय म्हणायलंय, बरूबर हाय का?" असं विचारायच्या आणि मी बरोबर म्हटलं तर हेडमास्तरांकडे असं बघायच्या, जणू सून त्यांनीच शिकवली.

घर गजबजून गेलं होतं. मला वाटायचं, एकदाची माडी होऊ दे आणि ही कटकट जाऊ दे. माडी झाली. पोरं पाट्या, सतरंज्या, फळा घेऊन गेली. पडवी झाडून काढली. त्या दिवशी दुपारी आत्याबाई ताट घेऊन दारात बसल्या, थोडा वेळ बसल्या आणि तांदूळ न निवडताच आत आल्या. जेवणात मन लागेना. मामंजींनी पित्त झालं समजून ओव्याचं पाणी दिलं.

परसात गेलं की वरनं पाढ्यांचा नुसता गुणगुणाट यायचा, शब्द कळायचा नाही. खिडक्या छताला लागून, आवाज वरच्या वर आभाळात जायचा. आत्याबाई कान वर करून उभ्या राहायच्या. एकदा न्हाणीच्या दगडावर चढल्या, मग रांजणाच्या कट्ट्यावर. मी हात धरून खाली उतरवलं.

"त्यो पंधराव्यात चुकायलाय," त्या म्हणाल्या. "मला वाटतंय, चुकायलाय."

दोन दिवसांनी मला म्हणाल्या, "जा, मास्तरास्नी सांग, खिडक्या खाली घ्या म्हणावं."

ज्या खिडक्यांपायी मला गावभर न्हाऊ घातलं, त्या आता खाली घ्यायच्या? आयुष्यात पहिल्यांदा मी सासूला उलट बोलले. म्हटलं, "आत्याबाई, मग मी बसू कुटं?"

त्यांनी माझ्याकडं नीट पाहिलं. मला वाटतं, परसात मी केस सोडून बसते ते त्यांना पहिल्यापासून ठाऊक होतं आणि तेवढ्यासाठीच त्या बैठकीत उभ्या राहिल्या होत्या. मला मात्र ते तोवर सुचलंच नव्हतं. त्या म्हणाल्या, "न्हाणीला भिंत घालू. आन् उन्हात बसायला पदर कामून लागतोय? लेकरंच हाईत की. इतकं दिस तुझ्याच हातचं पाणी प्यालेत."

मी निरोप घेऊन गेले. हेडमास्तर आधी हसले, मग गंभीर झाले, कारण वर्गात अंधार इतका की दुपारनंतर फळ्यावरचं दिसत नव्हतं. ते स्वतःच आता कोणत्या तोंडाने सांगायचं या विचारात होते. ओव्हरसियरला पुन्हा बोलावणं गेलं. तो आला, आमचं परसदार टाळून लांबच्या वाटेने आला. खिडक्या खाली घ्यायच्या आहेत आणि तेही अक्कांनीच सांगितलंय, हे ऐकल्यावर तो बराच वेळ फीत गुंडाळत बसला. मग त्याने विचारलं, "नक्की ना? लेखी घेऊ का?"

हेडमास्तर म्हणाले, "त्यांना लिहिता येत नाही. पण बोललेलं बदलत नाहीत." आणि मग त्यांनाच हसू आलं.

खिडक्या खाली आल्या. पहिल्या दिवशी प्रत्येक खिडकीत डोकीच डोकी. मी सवयीने पदर घेतला. वरनं एक मुलगी ओरडली, "वैनी, आज गूळ न्हाई व्हय?" माझा पदर कधी खांद्यावर आला ते कळलं नाही. त्यानंतर मी परसात तशीच बसू लागले, आणि वर्षभरात मामंजींनाही त्यात काही वाटेनासं झालं.

आत्याबाईंचं आसन पुन्हा मांडलं गेलं, फक्त पडवीतून परसात आलं. वरनं पाढा सुरू झाला की खालून ताटातले तांदूळ सरकायचे. चुकलं की आवाज वर जायचा.

पुढे राज्याची वाटणी झाली, आमचा भाग म्हैसूरकडे गेला. लातूरचे हेडमास्तर बदलून गेले आणि म्हैसूरकडचे नवे आले, करड्या शिस्तीचे. पहिल्याच आठवड्यात ते आमच्या दुकानात येऊन मामंजींना अदबीने कानडीत सांगू लागले की शाळेच्या मागच्या बाजूला कुणी बाई राहते, ती वर्ग चालू असताना मध्येच बोलते, हे बंद व्हायला हवं. मामंजींनी त्यांना बसवलं, चहा मागवला. म्हणाले, "तुमीच सांगून बगा, गुरुजी. मला जमलं न्हाई."

नवे हेडमास्तर चहा संपवून परसाकडे गेले. आम्हाला आतून आत्याबाईंचं कानडी ऐकू आलं, म्हणजे रागच. मग जरा वेळाने मराठी ऐकू आलं. मामंजींनी माझ्याकडं बघितलं आणि आणखी एक कप ठेवायला सांगितलं.